पूलचा लाइट बंद पडला की आधी पाण्यात नाही, पंप रूममध्ये जायचं

मे महिना लागला की पुण्यात वाकड, बाणेर, खराडी, हिंजवडी सगळीकडच्या सोसायट्यांमधून फोन सुरू होतात, स्विमिंग पूलचा एक लाइट लागत नाहीये, नाहीतर सगळेच गेलेत, नाहीतर रात्रभर लुकलुकतायत, आणि समोरचा माणूस दरवेळी एकच विचारतो की दिवा बदलायला कधी येताय. मी वायरिंगची कामं करतो, गेली दहा-बारा वर्षं त्यातली बरीचशी पंप रूम आणि पूलचीच, आणि माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा दिवा चांगला असतो, बिघाड कोरड्या जागी असतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, कमिटीतल्या लोकांना आणि सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला दोघांनाही उपयोगी पडेल असं.

आधी जिवाचं बोलू. पूलमध्ये कुणीही असताना लाइटच्या वायरिंगला हात लावायचा नाही, पंप रूममध्ये सुद्धा नाही. सगळ्यांना बाहेर काढा, गेटला कुलूप लावा, वॉचमनला सांगून ठेवा. अंग ओलं असलं की कातडीचा रेझिस्टन्स एकदम खाली येतो, म्हणून कोरड्यात नुसत्या झिणझिण्या आल्या असत्या तेवढ्याच करंटने पाण्यात स्नायू आखडतात, हात मारता येत नाही, ओरडताही येत नाही, आणि काठावरच्या माणसाला वाटतं की दम लागून बुडाला. कुणी लहान मुलाने जरी सांगितलं की शिडीला हात लावला की चावल्यासारखं होतं, तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याच क्षणी मेन बंद, पूल बंद, आणि लायसन्सवाला वायरमन येऊन तपासेपर्यंत कुणी पायसुद्धा बुडवायचा नाही.

आणि बंद करायचं म्हणजे भिंतीवरचा स्विच नाही, डीबीमधला (पंप रूममधला वीज वाटपाचा डबा) एमसीबी, म्हणजे त्या लाइनचा आपोआप पडणारा स्विच, खाली करायचा. बहुतेक पूलना टायमर आणि कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) असतो, दुपारी सगळं बंद दिसतं, तुम्ही निवांत काम करत बसता आणि सात वाजले की टायमर आपोआप सप्लाय देतो. एमसीबी पाडल्यावर त्यावर चिकटपट्टी लावा, डीबीला कुलूप असेल तर चावी स्वतःच्या खिशात ठेवा. हे मी प्रत्येक पोराला शिकवतो जो माझ्याबरोबर कामाला येतो.

आता तुमचा लाइट किती व्होल्टचा आहे ते बघायचं. पाण्यातल्या लाइटला जास्तीत जास्त १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी एवढाच सप्लाय चालतो आणि तो देणारा ट्रान्सफॉर्मर पूलपासून लांब असावा लागतो, आयईसी ६०३६४ या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये पूलसाठी वेगळा भागच आहे त्यात हे दिलंय. आपल्याकडे जवळपास सगळे १२ व्होल्टचे असतात, काही नवीन रंगीत वाले १२ किंवा २४ व्होल्ट डीसीचे. ट्रान्सफॉर्मरच्या आणि दिव्याच्या लेबलवर लिहिलेलं असतं. जर तुम्हाला कुठेच ट्रान्सफॉर्मर किंवा पॉवर सप्लाय सापडला नाही आणि डीबीमधून थेट केबल पूलकडे जाताना दिसली, तर पुढचं काही वाचत बसू नका. २३० व्होल्टची केबल पाण्याकडे जातेय, ती काढायची, दुरुस्त करायची नाही.

एवढं झालं की पंप रूम. पहिला प्रश्न, एक लाइट गेलाय का सगळे. सगळे एकदम गेले तर दिवे एकदम मरत नाहीत हो, कॉमन काहीतरी गेलंय. एमसीबी पडलाय का, आरसीसीबी (करंट अर्थकडे गळायला लागला की पडणारा स्विच) पडलाय का, टायमरची वेळ हललीय का (वीज जाऊन आली आणि आतली बॅटरी संपलेली असली की जुने टायमर मागे पडतात, रात्रीचा लाइट पहाटे लागतो आणि तोपर्यंत सगळे म्हणत असतात लाइट गेला), कॉन्टॅक्टर खटकन आवाज करतोय का. हे बघायला पाच मिनिटं लागतात. एकच गेला असेल तर त्या लाइनवर जायचं.

इथून पुढे २३० व्होल्टच्या बाजूला मीटर लावायचा तो लायसन्स असलेल्या माणसानेच, चेअरमनच्या हौशी भाच्याने नाही, हे मी कळकळीने सांगतोय. ट्रान्सफॉर्मरच्या इनपुटला २३०च्या आसपास आणि आउटपुटला १२च्या आसपास दिसलं पाहिजे, साध्या गुंडाळीच्या ट्रान्सफॉर्मरला लोड नसेल, म्हणजे दिवा जोडलेला नसेल, तर तेरा-साडेतेरा सुद्धा दिसतात, ते बरोबर आहे. इनपुट आहे, आउटपुट नाही, तर आधी आतला फ्यूज किंवा थर्मल कटआउट (जास्त तापलं की बंद करणारा भाग) बघा, मग ट्रान्सफॉर्मर गेला समजा. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आपला नेहमीचा टेस्टर १२ व्होल्टवर पेटतच नाही. टेस्टर लावून लाइन मेली म्हणणारे मी किती बघितलेत, लाइन जिवंत असते आणि हे लोक दिवा काढायला पाण्यात उतरतात. मीटरच लागतो.

आणि मीटरचंही एक आहे. नुसता मीटर लावून १२ आले म्हणजे लाइन चांगली असं नाही. बाणेरच्या एका सोसायटीत असंच झालं होतं, कमिटीने एकाच जागचा दिवा दोन सीझनमध्ये तीनदा बदलून घेतला होता, नवीन लावला की आठवडाभर लागायचा मग मंद व्हायचा मग बंद. मी गेलो तेव्हा त्यांचा माणूस म्हणाला दादा लाइनला बरोबर १२ येतायत, मी स्वतः बघितलेत, दिवेच डुप्लिकेट येतात. मी दिवा जोडलेलाच ठेवला आणि त्याच टोकांवर मीटर धरला, तर तीन सव्वातीन व्होल्ट. दिवा सोडवला की परत १२. याचा अर्थ मधे कुठेतरी जॉइंट सडलाय, मीटरला करंट जवळपास लागतच नाही म्हणून त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं, पण दिव्याने करंट ओढला की बरंचसं व्होल्टेज त्या सडक्या जॉइंटवर पडतं. शोधत गेलो तर काठाच्या फरशीखाली जंक्शन बॉक्स (दिव्याची आणि पंप रूमची केबल जोडायचा डबा) होता, बिल्डरने चांगलं दिसावं म्हणून त्यावर टाइल बसवलेली. टाइल उचलली, झाकण काढलं, तर बॉक्समध्ये चिखलाचं पाणी, त्यात एक गांडूळ, आणि वायरचं टोक हिरवंगार, हात लावला तर तांब्याचा चुरा बोटाला लागला. तिन्ही दिवे चांगलेच असणार, बिचारे फुकट गेले.

म्हणून दुसरी जागा हा जंक्शन बॉक्स, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बिघाड इथेच असतो, पुण्यात तर नक्कीच, कारण जून ते सप्टेंबर पावसाचं पाणी आणि बाकीचे महिने काठ धुतल्याचं पाणी, खाली बसवलेला बॉक्स कधी कोरडा होतच नाही. दिव्यापासून येणारा पाइप पूलच्या पाण्याच्या लेव्हलपर्यंत भरलेला असतो, ते तसंच असतं, म्हणून तर बॉक्स त्या लेव्हलच्या बराच वर असायला पाहिजे. जॉइंट सडला असेल तर नुसती काळी टेप गुंडाळून येऊ नका. वायर मागे कापत जायची, आतलं तांबं लाल चकचकीत दिसेपर्यंत. मग वायरच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून क्रिंप करायचा, चांगल्या टर्मिनलवर घ्यायचा, आणि बॉक्स खालीच ठेवावा लागणार असेल तर रेझिन ओतायचा जॉइंट किट मिळतो तो वापरायचा. जमत असेल तर बॉक्सच उचलून जवळच्या भिंतीवर गुडघाभर उंचीवर न्या. केबल ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथलं घट्ट बसणारं तोंड) खालच्या बाजूने, वरून कधीच नाही.

आता आरसीसीबीबद्दल, कारण यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लाइट लावला की आरसीसीबी पडतो म्हटलं की सगळे म्हणतात दिव्यात पाणी गेलं. पण विचार करा, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल तर १२ व्होल्टची बाजू २३० पासून पूर्ण तुटलेली असते, दिव्यात पाणी जाऊन तिथे लीकेज झालं तरी ते मागे आरसीसीबीला कळणारच नाही. मग तो पडतोय याचा अर्थ बिघाड २३०च्या बाजूला आहे, ट्रान्सफॉर्मरच्या बॉक्समध्ये ओल, त्याच्याकडे जाणारी केबल, कॉन्टॅक्टर, किंवा त्याच आरसीसीबीवर असलेला फिल्टरचा पंप. आउटपुटच्या दोन्ही वायरी सोडवा आणि परत चालू करा. तरीही पडला तर बिघाड ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा त्याच्या आधी. आणि वायरी सोडवल्यावर पडायचा थांबला तर जास्त घाबरायचं, कारण मग २३० आणि १२ कुठेतरी एकमेकांना भेटतायत, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलंय किंवा कुणीतरी आयसोलेशन नसलेला लावलाय. असला ट्रान्सफॉर्मर त्याच दिवशी भंगारात. सगळं बंद करून, वायरी सोडवून इनपुट आणि आउटपुटमध्ये मीटरवर कंटिन्युइटी (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का) बघा, बीप यायला नको. आउटपुट आणि अर्थिंगमध्ये पण बीप यायला नको, १२ व्होल्टची बाजू अर्थला जोडायची नसते, काही जण जास्त सेफ्टी म्हणून जोडतात, ते चूक आहे.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचाच हवा. आणि सारखा पडतो म्हणून तो बायपास करून ठेवलेला मी डोळ्यांनी बघितलाय, ज्या पूलमध्ये संध्याकाळी तीस-चाळीस पोरं असायची तिथे. त्या रात्री मला झोप आली नाही. तुमच्या पंप रूममध्ये आत्ता जाऊन बघा, आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा, खटकन पडला पाहिजे, नाही पडला तर लाइटचं राहू दे, आधी तो बदला. हे महिन्यातून एकदा करायचं.

लुकलुकण्याचं कारण बहुतेक वेळा दिवा आणि ट्रान्सफॉर्मरचं न जुळणं असतं. पूर्वी ३०० वॅटचे हॅलोजन असायचे, पार ५६ (PAR 56) या ठरलेल्या साइजचे, १२ व्होल्टवर २५ अँपिअर ओढायचे. आता त्याच साइजचे १८ किंवा २४ वॅटचे एलईडी येतात, त्याच जागी बसतात. पण मागे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर तसाच राहिला असेल तर त्याला एवढ्या कमी लोडवर नीट चालता येत नाही, एलईडी फडफडतो, लवकर जातो. त्याचं आउटपुट हाय फ्रिक्वेन्सीचं असतं म्हणून साधा मीटरही भलतंच काहीतरी दाखवतो. तिथे गुंडाळीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा, किंवा दिव्याच्या कंपनीने सांगितलेला सप्लाय. साइज काढताना १८ वॅटचे चार म्हणजे ७२ वॅट, तर मी १५० व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरची ताकद वॅटऐवजी व्हीएमध्ये लिहितात) घेतो, काठोकाठ कधीच घेत नाही. पंप रूम उन्हाळ्यात भट्टी असते.

लांबच्या टोकाचा लाइट मंद असेल तर केबल बारीक आहे का बघा. दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) केबल २० मीटर गेली तर जाऊन येऊन ४० मीटर, त्यात साधारण अर्धा ओहम, २४ वॅटचा दिवा दोन अँपिअर घेतो म्हणजे एक व्होल्ट वाटेतच गेला. अडीच स्क्वेअरची असती तर जेमतेम ०.६ व्होल्ट. २३०ला एक व्होल्टचं काही वाटत नाही, १२ला वाटतं.

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं, म्हणजे बॉक्सजवळ लोडवर पूर्ण व्होल्टेज येतंय आणि तरी दिवा लागत नाही, तर आता दिवा काढायचा. पूल रिकामा करायला सांगणारे भेटतील, ऐकू नका. १५ बाय ७ मीटरचा, सरासरी १.२ मीटर खोल पूल म्हणजे सव्वा लाख लिटर पाणी, दहा हजारी टँकरचे बारा-तेरा टँकर, आणि ते पण एप्रिल-मे मध्ये जेव्हा इथे प्यायच्या पाण्यासाठी टँकर मागवतोय. बहुतेक लाइटच्या मागे खोबणीत मीटर-दीड मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते ती याचसाठी, दिवा काढून काठावर आणता यावा म्हणून. एमसीबी खाली, चिकटपट्टी, चावी खिशात, काठावर एक माणूस उभा, मग गॉगल लावून उतरायचं. खोबणीतल्या लाइटला वरच्या बाजूला एकच स्क्रू असतो, तो सोडला की वरचं टोक पुढे ओढून खालची खाच सोडवायची. स्क्रू तळाला पडला तर चुंबकाने येणार नाही, चांगलं स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही, म्हणून मी खाली जाळी धरायला लावतो. बिल्डरने जादा केबल ठेवलीच नसेल तर मात्र पाणी लाइटच्या खालपर्यंत उतरवावं लागतं, तेवढंच, पूर्ण नाही. आणि धातूच्या खोबणीला हिरवी-पिवळी वायर जोडलेली असेल तर ती सोडायची नाही, ती सगळे धातूचे भाग एका पोटेन्शियलला ठेवते, म्हणजे त्यांच्यात आपसात व्होल्टेज येत नाही.

दिवा काठावर आणला की कानाजवळ धरून हलवा. आत पाणी असेल तर नारळ हलवल्यासारखा डुचमळतो. काचेच्या आतून तपकिरी डाग, गंजलेले स्क्रू दिसले तरी तेच. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने बाहेरून पांढरे क्षार चढतात, ते वेगळं, त्याने उजेड कमी होतो पण दिवा मरत नाही, पातळ व्हिनेगरने आणि मऊ कपड्याने निघतात.

पूर्ण रेझिन भरलेला चपटा एलईडी असेल तर तो उघडत नाही, उघडायचा प्रयत्नही करू नका, बदलायचा, व्होल्टेज आणि वायरींची संख्या तीच बघून. उघडणारा असेल तर रिंग सोडा, जुना दिवा काढा, आतला भाग कपड्याने आणि मग हेअर ड्रायरच्या हलक्या हवेने कोरडा करा. गॅस्केट नवीनच टाका, दरवेळी. जुनं चांगलं दिसतंय म्हणून तेच बसवणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर आहे, एकदा दबलेलं रबर परत तसं बसत नाही. त्यावर सिलिकॉन ग्रीसचा बारीक हात फिरवा, गाडीचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. स्क्रू समोरासमोरचे आवळायचे, गाडीच्या चाकाच्या नटांसारखे, थोडा हा थोडा तो, एकाच बाजूने घट्ट केलं की काच तिरकी बसते. गॅस्केट, ग्लँड, रेझिन किट असलं बारीकसारीक बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला शोधलं तर मिळून जातं, पण गॅस्केट मात्र त्याच मॉडेलचं घ्या, अंदाजाने नाही.

मागच्या केबलचं टोक नक्की बघा. तांबं काळं पडलं असेल तर पाणी केबलच्या आतून चढलंय, वातीत तेल चढतं तसं. चार-सहा इंच कापून लाल तांबं लागलं तर ठीक. कापत गेलात आणि काळंच येत राहिलं तर केबल बदलायची, पाण्याखाली जॉइंट मारायचा नाही, कितीही चांगला किट असला तरी नाही. नवीन केबल पाण्यात चालणाऱ्या रबरी आवरणाची घ्या. तिचं टोक जुन्या केबलच्या टोकाला एकापुढे एक बांधून, निमुळती टेप मारून, एकाने बॉक्सकडून ओढायचं आणि दुसऱ्याने खोबणीतून साबणाचं पाणी लावत सोडायचं. अडली तर झटका देऊ नका, थोडी मागे घेऊन परत.

रंगीत लाइटचं थोडक्यात. एक रंग येत नाही तर कंट्रोलरच्या त्या रंगाच्या टर्मिनलवर दुसऱ्या रंगाची वायर लावून बघा, बिघाड वायरीबरोबर हलला तर तो खाली वायरीत किंवा दिव्यात आहे, टर्मिनलवरच राहिला तर कंट्रोलर गेलाय. सगळे वेगवेगळे रंग दाखवत असतील तर ते फक्त एकमेकांच्या पुढेमागे झालेत, कंपनीच्या कागदावर रीसेटची पद्धत असते.

बसवायच्या आधी बादली. बंद केलेला दिवा पाण्याने भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवा, बुडबुडे येतायत का बघा, मग त्याच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरवर अर्धा तास बादलीतच चालू ठेवा, आणि तेवढा वेळ बादलीत हात घालायचा नाही. पाण्याबाहेर चालू करू नका, त्याला थंड ठेवायचं काम पाणी करतं, हॅलोजन तर थोड्या वेळात फुटतो. अर्ध्या तासाने काचेवर आतून धुकं दिसलं तर परत उघडायचा. दिसलं नाही तर एमसीबी बंद करून, केबल नीट गोल गुंडाळून खोबणीत, खालची खाच आधी आणि वरचा स्क्रू नंतर.

मग लोडवर व्होल्टेज एकदा, आरसीसीबीचं बटण एकदा, आणि तारीख, कुठला लाइट, काय बदललं हे डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पोरांना मात्र त्या संध्याकाळी सोडू नका. रात्रभर लाइट चालू राहू दे, सकाळी काच परत बघा, आणि मग गेट उघडा.